डबा संपवते ती पंगत

यंदाच्या अंकाचं सूत्र 'घरचं अन्न' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी शाळेच्या डब्याचा विषय मागून घेतला. घरचं अन्न रोज उंबरठा ओलांडून बाहेर पडतं ते या भांड्यातून. रांधणारं माणूस समोर नसताना ते उघडलं जातं. आग्रह करायला, दटावायला, गोष्ट सांगून भरवायला तिथे कुणी नसतं. मूल खरोखर काय खातं आणि का खातं हे बघायचं, तर डबा उघडतो तिथे जाऊन बसायला हवं. म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वस्त्यांवर, फाट्यांवर आणि शाळांच्या व्हरांड्यांत जाऊन बसले.

## फाट्यावरचा निकाल

शाळा सुटायच्या वेळी भवानीनगर-जंक्शन भागातल्या फाट्यांवर बायका उभ्या दिसतात. कुणी रानातून थेट आलेली, डोक्याचा पदर अजून घट्ट, कुणी स्कूटीवर. बस थांबते, पोरं उतरतात आणि आईचा हात आधी दप्तराकडे जातो. डबा बाहेर काढून ती हलवून बघते.

"वजनावरनंच कळतंय," एक आई म्हणाली, "आज बी चपाती माघारी आलीया."

झाकण काढलं. दीड चपाती कडा वर वळून वातड झालेली. भेंडीची भाजी एका कोपऱ्यात सरकून काळवंडलेली. मुलगा दुसरीतला.

"का रं, खाल्लं नाहीस?"

"टाइमच नव्हता."

उरलेलं म्हशीच्या घमेल्यात जातं. "अन्न वाया जात न्हाई म्हणा," ती म्हणाली, "पण पोरगं दिवसभर उपाशी ऱ्हातंय त्याचं काय?"

हा प्रश्न मी मग जिथे जाईन तिथे विचारत राहिले. मुलांची उत्तरं तीनच: टाइम नव्हता, भूक नव्हती, आवडलं नाही. घरी ही तिन्ही उत्तरं बहाणे म्हणून निकालात निघतात. शाळेत मुलांशेजारी बसल्यावर ध्यानात येतं, की ती बहुतेक वेळा अक्षरशः खरी असतात.

## सकाळच्या दोन घाया

हा पट्टा ऊस आणि दुधाचा. ब्रिटिश काळात नीरा डावा कालवा झाला आणि बारामतीचा दक्षिण भाग, पुढे इंदापूरचा मोठा पट्टा बागायती झाला. सुपे-मोरगावकडचा भाग मात्र आजही जिरायतीच. बागायतीत घरं गावठाण सोडून आपापल्या रानात वस्ती करून राहिली. पूर्वी मुलं वस्तीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत चालत जायची आणि मधल्या सुट्टीत घरी येऊन जेवायची. आता अनेक घरांनी मुलं इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातली आहेत आणि पिवळी बस वस्त्या-वस्त्यांवरून फिरत ती गोळा करते. शाळेच्या डब्याचं आजचं दुखणं या अंतरातून सुरू होतं.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. पण बसच्या फेरीतलं पहिलं मूल शाळेच्या कितीतरी आधी घर सोडतं. सकाळी साडेसहा-सातला बंद झालेला डबा दुपारी बाराच्या आसपास उघडतो.

आणि ही साडेसहाची वेळ गोठ्याचीही असते. धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं, वैरण टाकायची, त्याच वेळी शेगडीवर तवा. एका वस्तीवर सकाळी बसले होते. सासू गोठ्यात, नवरा किटल्या गाडीला अडकवून निघालेला, सून चपात्या लाटतेय. तव्यावरची चपाती थेट डब्यात, वर गरम भाजी आणि लगेच झाकण. गरम राहावं म्हणून. मुलगा तोवर चहात बिस्किटं बुडवून खात होता, तीही चांगली सहा-सात.

'भूक नव्हती' या उत्तराचा उगम बऱ्याच घरांत असा सकाळीच सापडतो. गोड चहा आणि मैद्याची बिस्किटं पोट थोडा वेळ भरल्यासारखं करतात, पुढे मुलाला मरगळ येते आणि डब्याकडे हात जात नाही. चहाचं आणखी एक नुकसान आहे. त्यातली टॅनिनं अन्नातलं लोह शरीरात पुरतं शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. हीच मुलं पुढे शाळेत येतात. त्यांच्या सकाळच्या कपात दूध असावं आणि चहा मोठ्यांसाठी राहावा, एवढा बदल दुधाच्या या पट्ट्यात तरी अवघड नाही.

## चपाती वातड का होते

आता तो गरम बंद केलेला डबा. चपाती भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. थंड होताना त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट बसतात, शोषलेलं पाणी बाहेर टाकतात आणि चपाती ताठरते. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. गरम चपाती बंद केली की वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन खाली ठिबकतं. वरची चपाती ओली चिकट, खालची वातड.

ज्या घरांतून चपाती परत येत नव्हती, तिथल्या आज्ज्यांच्या हाताला हे आधीपासून ठाऊक होतं. कणीक कोमट पाण्यात, थोडं दूध आणि चमचाभर तेल घालून सैलसर मळायची आणि झाकून मुरू द्यायची. चपाती तव्यावरून टोपल्यात सुती फडक्यावर टाकायची, वाफ जाऊ द्यायची, मगच तेलाचा हात लावून घडी करायची. डब्यातही फडक्याचा तुकडा खाली. भाजीही निवल्यावर भरायची. उन्हाळ्यात तर हे फार गरजेचं. कोमट, ओलसर, बंद डबा जंतूंना मानवतो. दही-दूध घातलेलं, ओल्या नारळाचं किंवा शिळ्या भाताचं काही एप्रिलच्या उन्हात पाच तास ठेवणं धोक्याचं आहे.

भाकरीचं गणित वेगळं. मालदांडी ज्वारीची भाकरी या भागाचा जीव, पण ज्वारीत ग्लुटेन नाही. निवली की ती मोडते आणि छोट्या बोटांना आवरत नाही. त्याच पिठात कांदा, कोथिंबीर, तीळ आणि थोडं बेसन घालून केलेलं थालीपीठ किंवा धपाटं मात्र दुपारपर्यंत मऊ राहतं. भाकरी घरी रात्री, थालीपीठ डब्यात, अशी विभागणी अनेकींनी करून टाकली आहे.

## मोठ्या सुट्टीतली पहिली दहा मिनिटं

बारामतीच्या कडेला असलेल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गाबरोबर मोठ्या सुट्टीला बसायची परवानगी मिळाली. घंटा झाली. मुलं नळाकडे धावली, नळापाशी रांग. हात धुऊन परत येईतो पाच-सहा मिनिटं गेली. मग झाकणं. चारी बाजूंनी खटके असलेले प्लॅस्टिकचे डबे आणि घट्ट बसलेले स्टीलचे, दोन्ही उघडायला मुलं बाईंसमोर उभी. बाई एकट्या, डबे पंधरा-वीस.

एका मुलीचा रोल होता, चपातीत भाजी गुंडाळलेला. तिने तो तोंडाशी नेला, वाकडं तोंड केलं, बाजूच्या दातांनी धरून ओढला, भाजी मांडीवर सांडली. ती हसली तेव्हा कारण दिसलं: वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले. पहिली-दुसरीचं वय दात पडण्याचं. त्या वयात अख्खा पेरू, अख्खं सफरचंद, जाड रोल या सगळ्या न खाता येणाऱ्या वस्तू. तीच चपाती कात्रीने किंवा सुरीने कापून दोन बोटांत मावतील असे तुकडे केले असते, तर तिला जमली असती. या मुलीला आवडनिवड वगैरे काही आडवी आली नव्हती.

सुट्टी संपायला आली तेव्हा मुलांची नजर मैदानाकडे. खाणं आणि खेळणं एकाच अर्ध्या तासात बसवायचं म्हटल्यावर मूल खेळ निवडणारच. अमेरिकेतल्या युटा राज्यात जोसेफ प्राइस आणि डेव्हिड जस्ट या संशोधकांनी काही शाळांमध्ये आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम लावून बघितला. २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: मुलांनी खाल्लेल्या फळांचं आणि भाज्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांनी वाढलं. ताटातलं अन्न तेच होतं, घंटेचा क्रम फक्त बदलला होता. 'टाइम नव्हता' या तक्रारीचं उत्तर स्वयंपाकघरात शोधून सापडणार नाही, ते शाळेच्या वेळापत्रकात आहे.

## मेथीचं काय झालं

त्याच वर्गात मी एका कोपऱ्याकडे बघत राहिले. एका मुलीने डब्याचं झाकण अर्धवट उघडलं, आत मेथीचं थालीपीठ. तिने झाकण तसंच आडवं धरलं, हात आत घालून कडेचा तुकडा मोडला आणि पटकन तोंडात टाकला. शेजारच्या मुलाच्या डब्यात नूडल्स होत्या. तिचं लक्ष तिकडे. थोड्या वेळाने तिने डबा मिटला.

पलीकडे चार मुलींनी झाकणं उलटी करून मधे मांडली होती. प्रत्येकीने आपल्यातलं थोडं थोडं झाकणांवर वाढलं. पोहे, शेंगदाण्याची चटणी लावलेली चपाती, मटकीची उसळ, गूळ-तुपाची पोळी. "आमच्यात ये की," त्यांच्यातली एक मेथीवालीला म्हणाली. ती सरकली, थालीपीठ झाकणावर गेलं, दोघींनी तुकडा उचलला, एकीने "अजून दे" म्हटलं. मग मेथीवालीने स्वतःही खाल्लं, आता झाकण न धरता. पाच मिनिटांपूर्वी जे लपवायचं होतं, ते आता मागणी असलेलं झालं.

आवडीनिवडीचं शास्त्रही याच दिशेला बोट दाखवतं. लिअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर अनेक वर्षं काम केलं. अनोळखी अन्नाबद्दल मुलांच्या मनात उपजत धास्ती असते आणि ते पुन्हा पुन्हा, जबरदस्तीविना चाखायला मिळालं की ती ओसरते, असं तिने आणि डायन मार्लिनने १९८२ मध्ये दाखवून दिलं. एखादी भाजी आवडू लागायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. बरोबरीची मुलं खात असतील तर हा प्रवास लवकर होतो, हेही बर्चच्या अभ्यासात आढळलं. उलट "संपवल्याशिवाय उठायचं नाही" म्हटलं की त्या पदार्थाबद्दलची नावड पक्की होते.

आपण घरी दोनदा भाजी माघारी आली की "ह्याला मेथी चालत नाही" असा शिक्का मारतो आणि मेथी डब्यातून कायमची जाते. मूल तिसऱ्या वेळेपर्यंत पोचलेलंच नसतं.

## एकाच पातेल्यातलं

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जावं. शालेय पोषण आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासूनची. सुरुवातीला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि गावोगावच्या शाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदळाचं, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं देणारं जेवण. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं. धान्य म्हणून तांदूळ येतो, त्यामुळे ज्वारी-गव्हाच्या मुलखातली मुलं शाळेत भात खातात. बरीच वर्षं याचा अर्थ रोज खिचडी असा झाला आणि मुलं कंटाळली. २०२४ च्या जूनमध्ये राज्याने पंधरा पाककृतींची यादी काढली: मसालेभात, मटार पुलाव, चवळीची खिचडी, मूग-शेवग्याचं वरण आणि भात, मोडाच्या मटकीची उसळ वगैरे. पुढे तीत बदल झाले. अंडी किंवा केळी देण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस झाला होता; जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा वेगळा निधी राज्याने थांबवला. जिथे गावकरी किंवा शिक्षक पदरमोड करतात तिथे अंडं मिळतं, एरवी नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातून ते जाणं मला फार अन्यायाचं वाटतं.

इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी अकरापासून पातेल्याशी होत्या. वाढण्याआधी चव बघायची, चव नोंदवहीत सही करायची, मग पंगत. परसबागेतला शेवगा आमटीत होता. पहिलीतला एक मुलगा शेंग बाजूला काढत होता. समोरच्या चौथीतल्या पोराने शेंग चोखून दाखवली आणि चोथ्याची काडी ताटाच्या कडेला उभी ठेवली. पहिलीतल्याने एक उचलली. थोड्या वेळाने त्याच्या ताटाच्या कडेला तीन चोथे होते.

"घरी ह्याची आई म्हणती, भाजीला तोंड लावत न्हाई," मावशी म्हणाल्या. "हितं खातंय की. समदी खात्यात म्हणून खातंय."

या मावशींसारख्या स्वयंपाकी-मदतनिसांना महिना अडीच हजार रुपये मानधन मिळतं. मुलांच्या पोटात भाजी जाण्यात त्यांचा वाटा कुठल्याही आहारतज्ज्ञापेक्षा कमी नाही.

## कोपीवरून येणारी मुलं

दसरा-दिवाळी झाली की या दोन्ही तालुक्यांत ऊसतोड टोळ्या उतरतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडची कुटुंबं कारखान्यांच्या आसपास आणि रानाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात. गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयता पहाटे अंधारात फडात पोचलेला हवा. त्याआधी चुलीवर भाकरी थापून, त्यातल्या दोन फडक्यात बांधून मुलाच्या उशाशी ठेवलेल्या असतात, सोबत मिरचीचा ठेचा नाहीतर शेंगाची चटणी.

या मुलांना गावाकडच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्र मिळालं, तर इथल्या जिल्हा परिषद शाळेत त्यांना बसता येतं आणि पंगतीतही. जिथे शिक्षक स्वतः कोपीवर जाऊन मुलं आणतात तिथे हे घडतं. एका गुरुजींनी सांगितलं, नवीन आलेलं मूल पहिले काही दिवस फडकं सोडतच नाही, कोपऱ्यात बसून भाकरी खातं. "त्याला 'ताट घे' म्हणून चालत नाही. मी आपला त्याच्याजवळ जाऊन बसतो, त्याच्या भाकरीचा तुकडा मागतो. मग ते आपली आमटी घेतं."

डबा भरणाऱ्या कुठल्याही आईपेक्षा कोपीवरची आई लवकर उठलेली असते. तिच्या भाकरीला वर्गात मान मिळाला तर मूल शाळेत टिकतं, हे त्या गुरुजींनी ओळखलं होतं.

## शिवारात आहे ते

बारामतीच्या एमआयडीसीत जगभरच्या मुलांच्या ओळखीचं किंडर जॉय बनतं. पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं वस्तीवरच्या टपरीतही लटकलेली असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला मनाई केली आहे, पण पाकीट घरून दप्तरातून येतं तिथे नियम पोचत नाही.

त्याच वेळी शिवारात काय नाही? इंदापूरचा पेरू आणि डाळिंब, भुईमुगाच्या शेंगा, हरभरा, मटकी, हुलगे. उजनी धरण १९८० मध्ये भरलं आणि भीमेचं फुगवट्याचं पाणी इंदापूरच्या गावांपर्यंत आलं. भिगवणचा मासळी बाजार त्यावर उभा राहिला. तिकडच्या घरांत चिलापीचा तळलेला तुकडा पोरं मिटक्या मारत खातात. पेरूत संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं आणि क जीवनसत्त्वामुळे उसळीतलं, बाजरीतलं लोह अंगी लागतं. मटकीची उसळ आणि कापलेला पेरू हा डबा कुठल्याही जाहिरातीतल्या पावडरीपेक्षा मोलाचा आहे. पेरूच्या फोडींना लिंबू चोळलं तर त्या काळ्याही पडत नाहीत. डाळिंबाचे दाणे सोलून दिले तर दात पडलेलं मूलही ते खातं.

## ज्यांचे डबे रिकामे येतात

रिकामा डबा येणाऱ्या घरांतून मी काय काय भरतात ते विचारत गेले. पदार्थ सगळीकडचेच होते. भरण्याची रीत वेगळी होती.

पहिलं म्हणजे प्रमाण. या आया थोडं भरतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला एक-दीड छोटी चपाती पुरते, आणि डबा संपवल्याचा आनंद उद्याच्या डब्याला उपयोगी पडतो. दुसरं, ओळखीच्या दोन गोष्टींबरोबर नवी एकच, तीही दोन घास. चटणी-चपाती ओळखीची, सोबत दुधीचा एक छोटा पराठा नवा. तिसरं, रविवारी रात्री मुलाला निवड: "उद्या मटकी का हरभरा?" काय काय चालेल ते आईने ठरवायचं, त्यातलं कुठलं आणि किती ते मुलाने. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर गेली कित्येक वर्षं पालकांना हीच वाटणी सांगत आल्या आहेत. चौथं, डबा मुलाकडून घरी चार वेळा उघडून-मिटून घ्यायचा. जो त्याला जमत नाही तो विकत घ्यायचा नाही. आणि पाचवं, पंगतीपुरतं दोन घास जास्त. बारामतीतल्या एका आईने तीन मैत्रिणींशी बोलून वार वाटून घेतले होते: सोमवारी एकीच्या डब्यात चौघींना पुरतील एवढी धपाटी, मंगळवारी दुसरीच्यात ढोकळा, बुधवारी तिसरीच्यात उसळ. बाकीच्यांचं त्या दिवशी साधंच. "आठवड्यातनं एकदाच राबावं लागतंय," ती म्हणाली, "आन् चार पदार्थ पोटात जात्यात."

या सगळ्यात वडील फार थोडे दिसले. दूध घालून परत आलेल्या बापाला पेरू चिरता येतो आणि डबा भरताही येतो. मुलाचं जेवण हे आईचं खातं मानलं जाईल तोवर परत आलेल्या डब्याचा दोषही तिच्याच माथी बसत राहील, आणि ते चूक आहे. तिने पहाटे केलेल्या भाजीचं पुढे काय होणार हे घंटा, नळाची रांग, झाकण, पडलेले दात आणि शेजारी बसलेलं पोर मिळून ठरवतात.

म्हणून माझं मागणं शाळांकडे आहे आणि घरांकडेही. शाळांनी मोठी सुट्टी निदान चाळीस मिनिटांची करावी, आधी खेळ ठेवावा, मुलांना गोल बसवावं आणि शिक्षकांनी स्टाफरूम सोडून त्यांच्यात आपला डबा उघडावा. यासाठी अनुदान लागत नाही. घरांनी "संपवलास का?" हा सवाल थोडे दिवस थांबवावा आणि "आज कुणाच्यातलं काय खाल्लंस?" असं विचारून बघावं. आवडीचा पदार्थ आणि आवडीचा सोबती, दोन्ही त्या उत्तरात कळतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरतील तेव्हा पहिला आठवडा चिवडा-चकलीचे डबे फिरतील. त्या आठवड्यात मुलं कुणी न सांगताही गोल करून बसतात. जिथे जिथे पालकसभा होईल, तिथे तो गोल वर्षभर कसा टिकवायचा हा विषय कुणीतरी मांडावा.